प्लॅनर स्पीकर घरात मांडताना : आधी भिंतीचा हिशेब

प्लॅनर स्पीकर, म्हणजे खोक्याऐवजी ताणलेल्या पातळ पडद्यातून आवाज काढणारे उभे, सपाट पॅनल, घ्यायचे मनात आले, की दुकानात जायच्या आधी हॉलमध्ये मोजपट्टी आणि मास्किंग टेप घेऊन उभे राहा. ज्या भिंतीसमोर स्पीकर येणार आहेत तिच्यापासून ४ फुटांवर फरशीवर टेपची रेघ ओढा. त्या रेघेवर स्पीकरच्या मापाचे दोन पुठ्ठे उभे करा आणि आठवडाभर तसेच राहू द्या. बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाणाऱ्याच्या, फरशी पुसणाऱ्या मावशींच्या किंवा सायकल आत घेणाऱ्या मुलाच्या पायात ते येत असतील, तर स्पीकरही येणारच. ४ फूट जमत नसतील तर ३ चालतील. निदान ऐकण्यापुरतेही ३ फूट सोडता येत नसतील, तर त्याच पैशांत चांगले बॉक्स स्पीकर घ्यावेत हे बरे.

भिंतीबद्दल एवढा हट्ट का, ते आधी समजून घेऊ. बॉक्स स्पीकरचा कोन (आवाज काढणारी शंकूच्या आकाराची चकती) मागे जो आवाज फेकतो तो खोक्यात अडतो. प्लॅनरला खोकेच नसते. मायलर या प्लास्टिकचा पातळ पडदा ताणून बसवलेला असतो, त्यावर तार किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी चिकटवलेली असते आणि पडद्याला लागून चुंबकांच्या रांगा असतात. ही झाली मॅग्नेपॅनची पद्धत. जिम वायनी यांनी १९६९ मध्ये सुरू केलेली ही कंपनी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली. क्वाड आणि मार्टिन लोगन या कंपन्यांचे पडदे चुंबकावर चालत नाहीत, हजारो व्होल्टच्या विद्युतभारावर चालतात. त्यांना इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणतात. दोन्ही प्रकारांत पडदा पुढे जितका आवाज करतो जवळजवळ तितकाच मागेही करतो, पण उलटा : पुढची हवा दाबली जाते त्याच क्षणी मागची विरळ होते. तो उलटा आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि पुढच्या आवाजात मिसळतो. कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते, आणि हे सगळे ठरते भिंतीच्या अंतरावर.

आकडे सोपे आहेत. स्पीकर भिंतीपासून जितके फूट दूर, त्या संख्येने ५७० ला भागा. जे हर्ट्झ येतील तिथे पहिला मोठा खड्डा पडतो, म्हणजे तो सूर दबतो. त्याच्या निम्म्यावर पहिला फुगवटा येतो, म्हणजे तो सूर वाढतो. ३ फुटांवर खड्डा १९० हर्ट्झच्या आसपास आणि फुगवटा ९५ ला. ४ फुटांवर खड्डा १४२ ला, फुगवटा ७१ ला. ५ फुटांवर ११४ आणि ५७. आता १ फुटाचे बघा : फुगवटा २८५ हर्ट्झला, म्हणजे ऐन गळ्याच्या पट्टीत, आणि साधारण ९५ हर्ट्झच्या खाली भिंत फक्त वजाबाकीच करते. म्हणून भिंतीला चिकटवलेला पॅनल नाकात गायल्यासारखा वाटतो आणि बास, म्हणजे खालचे सूर, गायब होतो. बॉक्स स्पीकर भिंतीजवळ सरकवला की बास वाढतो, ही सवय इथे उलटी पडते. पॅनलचा बास कमी वाटला तर तो भिंतीपासून लांब न्यायचा.

हे आकडे कडक, सपाट, मोठ्या भिंतीसाठी आहेत. खऱ्या हॉलमध्ये खिडकी, कपाट, पडदा यांमुळे खड्डे जरा बुजतात, पण त्यांच्या जागा फारशा बदलत नाहीत.

वेळेचाही प्रश्न आहे. ३ फुटांवर मागचा आवाज सुमारे ५.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, ४ फुटांवर ७. इतका उशीर असेल तर कान त्याला जागेचा खोलपणा समजतो, म्हणजे गायक भिंतीच्याही मागे बसल्यासारखा वाटतो. २ फुटांवर तो साडेतीन मिलिसेकंदांत येतो आणि मूळ आवाजातच कालवला जातो. मग प्रत्येक स्वराच्या कडा पुसट होतात.

मांडणी

उदाहरणाला मॅग्नेपॅनचा एलआरएस घेऊ. २०१९ मध्ये आलेला हा त्यांचा छोटा पॅनल : ४८ इंच उंच, साडेचौदा इंच रुंद, जाडी इंचभर. फ्लॅटमधला ११ बाय १६ फुटांचा हॉल धरला, तर लांबीची वाटणी अशी करता येते : स्पीकरमागे ४ फूट, स्पीकरपासून कानापर्यंत ८ फूट, सोफ्यामागे ४ फूट. स्पीकर लांबीच्या टोकाला ठेवा, म्हणजे हॉलची लांब भिंत त्यांच्या मागे न येता बाजूला येते. एका पॅनलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत साडेसहा ते ७ फूट ठेवा.

बाजूच्या भिंती जवळ आल्या म्हणून घाबरायचे कारण नाही. पॅनलच्या कडेच्या दिशेला पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, म्हणून तिकडे फारच थोडा आवाज जातो. फूट-दीड फूट अंतर पुरते. अरुंद हॉलमध्ये बॉक्स स्पीकरपेक्षा पॅनल सोयीचा ठरतो तो याच कारणाने.

आता सोफा. आपल्याकडे तो भिंतीला टेकवायची पद्धत आहे आणि तिथेच काम बिघडते. भिंतीला टेकून बसले की बास फुगतो आणि मधल्या सुरांवर मागच्या भिंतीचा पडसाद लगेच येऊन बसतो. निदान २ फूट पुढे ओढा. ओढता येत नसेल तर डोक्यामागच्या भिंतीवर ४ इंच जाडीची रॉकवूलची (दगडी लोकरीची) स्लॅब लावा, घनमीटरला ४८ किलो घनतेची चालते, वरून हवा खेळेल असे सुती कापड ताणा. एक-दीड इंचाच्या फोमच्या पिरॅमिडांवर पैसे घालवू नका. ते वरचे सूर तेवढे खातात, खालचे तसेच राहतात आणि खोली निर्जीव वाटू लागते.

एवढे झाले की पॅनल वळवायचे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण ट्वीटर (वरचे सूर काढणारा भाग) पॅनलच्या एका उभ्या कडेला असतो. डावा आणि उजवा हे एकमेकांचे आरसे असतात. म्हणजे दोन्ही ट्वीटर आत, एकमेकांकडे ठेवता येतात, नाहीतर अदलाबदल करून बाहेर. ट्वीटर आतल्या बाजूला आला की आवाज मध्यावर घट्ट बांधला जातो, बाहेर ठेवला की मैफल रुंद होते पण मध्य जरा विरळ होऊ शकतो. ११ फुटी हॉलमध्ये बाहेरून सुरुवात करणे शहाणपणाचे, १४ फुटी हॉलमध्ये आतून.

नियम एवढाच पाळा : ट्वीटरचे कानापासूनचे अंतर बासच्या बाजूइतके किंवा त्यापेक्षा इंचभर जास्त असावे, कमी कधीच नको. हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. जिथे डोके येते तिथे सोफ्याच्या पाठीला कानाच्या उंचीवर एक टाचणी टोचा आणि तिला न ताणणारा सुती दोरा बांधा. दोरा पॅनलच्या आतल्या कडेपर्यंत न्या, चिमटीत धरून तिथे पेनाने खूण करा, मग तोच दोरा बाहेरच्या कडेपर्यंत न्या. खूण कडेच्या पुढे गेली की मागे राहिली, ते लगेच दिसते. पॅनल भिंतीला समांतर उभे असतील तर वर सांगितलेल्या मांडणीत आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा सुमारे ६ इंच जवळ भरते. म्हणजे ट्वीटर आत असेल तर तो ६ इंच पुढे आहे, आणि गाणे चिरकणार. पॅनल आत वळवत गेले की आतली कड मागे सरते. पॅनल बरोबर कानाकडे बघू लागला की दोन्ही कडा समान होतात. त्यापुढे अगदी थोडेसे, ४ अंश, वळवले की ट्वीटर इंचभर मागे जातो. दुसऱ्या पॅनललाही हाच दोरा, हीच खूण. डाव्या-उजव्यात पाव इंचापेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

ट्वीटर बाहेर असेल तर उलट : समांतर ठेवले तर तो ६ इंच मागे असतो, हे जरा जास्तच आहे. दोरा धरून हळूहळू वळवत दीड-दोन इंचांवर आणा.

मागे झुकणे हा अजून एक मुद्दा. कंपनीचे पाय पॅनलला थोडा मागे कलवतात आणि ते सोफ्यावर बसणाऱ्याच्या हिशेबाने ठीक आहे. गादी टाकून बैठकीवर ऐकणार असाल तर कान जमिनीपासून ३० इंचांच्या आसपास येतो. तेव्हा मागच्या पायाखाली पातळ रबरी वॉशर सरकवून पॅनल जवळजवळ सरळ उभा करा. पॅनल स्टूलवर चढवून ठेवू नका, बासला फरशीचा आधार लागतो.

ऐकून तपासायला जुनी मोनो ध्वनिमुद्रणे उत्तम. त्यांत दोन्ही पॅनलना तंतोतंत तोच आवाज जातो, तेव्हा गायक दोहोंच्या मधोमध, मुठीएवढ्या जागेत उभा राहिला पाहिजे. तो भिंतभर पसरला, डोक्यात आल्यासारखा वाटला आणि बासही पातळ झाला, तर एका बाजूच्या लाल-काळ्या वायरची अदलाबदल झाली आहे. तो मुठीएवढाच आहे पण एका बाजूला कलतो, तर पुन्हा दोरा काढा.

मग डग्गा ऐका. एकल तबलावादनाचा भाग लावा, जिथे डग्ग्याची मींड वरून खाली येते. काही ठिकाणी घुमक फुगते आणि काही ठिकाणी ती एकदम बसते असे झाले, तर वर काढलेला खड्डा आणि फुगवटा तुमच्या खोलीच्या स्वतःच्या घुमण्यावर नेमका येऊन पडतो आहे. दोन्ही पॅनल ३-३ इंच पुढे घ्या, पुन्हा ऐका. साधारण एक फुटाच्या टप्प्यात चांगली जागा सापडते. ती सापडली की चारही पायांभोवती टेपच्या खुणा करा. एलआरएस एका माणसाला सहज उचलता येतो, तेव्हा एरवी भिंतीजवळ आणि ऐकताना खुणेवर असे ठेवायला हरकत नाही. मॅग्नेपॅनच्याच १.७ सारखा साडेपाच फुटी पॅनल मात्र रोज हलवू नका, त्याच्या पायांखाली नमद्याचे तुकडे लावून सरकवत जा.

मागच्या भिंतीचे काय करायचे

शक्यतो काहीच करू नका. मागचा आवाज हा या स्पीकरचा निम्मा आवाज आहे, तो जाड पडद्यात गिळून टाकला तर पैसे निम्मे वाया. उत्तम म्हणजे कमी-जास्त रुंदीची पुस्तके, मागे-पुढे ठेवलेली, अशी उघडी मांडणी. आवाज विखुरतो. काचेचे शोकेस सर्वांत वाईट : काच वरचे सूर आरशासारखी परत फेकते आणि आतल्या चांदीच्या वाट्या किणकिणतात. ती किणकिण लोक स्पीकरचीच समजतात.

मोठ्या टीव्हीला मात्र उपाय करावा लागतो. दोन पॅनलच्या मागे मधोमध ५५ इंची काच असेल तर ऐकताना तिच्यावर जाडसर सोलापुरी चादर टाका. मध्यातल्या आवाजाचा खोलपणा लगेच वाढतो. स्लायडिंग दाराच्या काचेसमोर पॅनल असतील तर मध्यम जाडीचा पडदा अर्धा ओढून ठेवा.

छताच्या पंख्याची भानगड कुणी सांगत नाही. पॅनल आणि कान यांच्यामध्ये पंखा वरून फिरत असेल तर लांबलेल्या स्वरांत हलका थरथराट येतो. पंखा एकवर ठेवून किंवा बंद करून ऐका आणि मगच स्पीकरला दोष द्या.

अँप्लिफायर

कागदावर एलआरएसची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल दिसते आणि लोक फसतात. तो आकडा २.८३ व्होल्टचा आहे. एलआरएससारख्या ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध) स्पीकरला तेवढे व्होल्ट म्हणजे २ वॉट. एका वॉटला ८३ च पडतात. ८ ओहमच्या, ८९ डेसिबलच्या बॉक्स स्पीकरला जिथे २५ वॉट पुरतात तिथे इथे १०० लागतील. म्हणून ४ ओहमला निदान १०० वॉट देणारा, आणि ८ ओहमच्या मानाने ४ ओहमला जवळपास दुप्पट ताकद देणारा अँप बघा. ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला ११० असा साधा इंटिग्रेटेड अँप ‘सात चॅनल, प्रत्येकी १०० वॉट’ लिहिलेल्या एव्ही रिसीव्हरपेक्षा (होम थिएटरच्या अँपपेक्षा) सरस. रिसीव्हर मे महिन्यात अर्ध्या तासात तापतो आणि संरक्षण म्हणून बंद पडतो. चांगला क्लास डी अँप या कामाला अगदी योग्य आहे. व्हॉल्व्हचा असेल तर ४ ओहमचा टॅप वापरा.

चुंबकी पॅनलचा ओहम जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे अँपला करंट हवा, बाकी नखरे नाहीत. इलेक्ट्रोस्टॅटिक मात्र कपॅसिटरसारखा वागतो : वरच्या सुरांना त्याचा ओहम घसरत २० हजार हर्ट्झजवळ एक-दीडवर येतो. स्वस्त अँप इथे डळमळतात.

वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, मोकळी. पुढे बोलायची गरज नाही. मॅग्नेपॅनच्या मागच्या खोबणीत वायर किंवा बनाना प्लग अ‍ॅलन कीने पकडावा लागतो. स्क्रू अडला की थांबा, जास्त आवळला तर आटे जातात. ट्वीटरचा फ्यूज असेल तर गेल्यावर त्याच मापाचा घाला. चॉकलेटची चांदी लावून भागवले, तर पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी ट्वीटर जातो.

सबवूफरची (फक्त बास काढणाऱ्या स्पीकरची) गरज एलआरएसला पडू शकते, तो ५० हर्ट्झच्या खाली फार जात नाही. एक मोठा घेण्याऐवजी दोन छोटे, बंद खोक्याचे, ५० ते ६० हर्ट्झवर कापलेले घ्या आणि पॅनलच्या जवळपासच ठेवा. आवाज इतका हळू ठेवा की सब चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर तेवढे कळावे. पॅनलला हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) लावता आला तर अजून छान. मोठ्या आवाजात ‘थप्प’ असा ठोका ऐकू आला, तर मायलर चुंबकाच्या पट्टीवर आपटतो आहे. ताबडतोब आवाज कमी करा.

जपणूक

चुंबकी पॅनलचे दोन शत्रू : ऊन आणि लोखंडाची भुकटी. पश्चिमेच्या खिडकीतून रोज ऊन पडत असेल तर काही वर्षांत डिंक सुटतो आणि तारा मायलरपासून उचलल्या जातात. जुन्या पॅनलची ही नेहमीची तक्रार. त्याहून अचानक नुकसान होते ते घरात काम निघाल्यावर. ग्रिलला ग्राइंडर लावला, भिंतीत ड्रिल मारले, की लोखंडाचे बारीक कण उडतात आणि चुंबक ते ओढून घेतो. ते पडद्याला लागून कायमची खरखर सुरू होते, आणि काढायला गेले तर कापड उसवावे लागते. काम सुरू व्हायच्या आधी पॅनल दुसऱ्या खोलीत न्या, नाहीतर प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळा. फरशी पुसणाऱ्यांना एवढेच सांगा, की पॅनल हलवू नका आणि ओला पोछा कापडाला लावू नका. धूळ कोरड्या मऊ ब्रशने, वरून खाली. मांजर असेल तर कापडावर नख्या घासणार, त्याला उपाय फक्त दार.

इलेक्ट्रोस्टॅटिकला धूळ, धूर आणि दमट हवा ही तिन्ही दुखणी आहेत. भारित पडदा धूळ ओढतो, म्हणून उदबत्ती किंवा स्वयंपाकघरातल्या फोडणीचा धूर थेट येईल अशी जागा टाळा. मुंबईत, कोकणात, गोव्यात पावसाळ्यात पडद्यावरचा भार गळतो, आवाज दबतो, कधी तळल्यासारखी चरचर किंवा टिकटिक ऐकू येते. एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर लावून हवा कोरडी केली की बहुधा पूर्ववत होते. न झाल्यास पॅनल दुरुस्तीला द्यावा लागतो. साफ करताना पडद्याला भार देणारा मेन्सचा प्लग काढा, काही तास तसेच ठेवा, मग व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून वरवर ओढा. जाळी उघडू नका. १९५७ च्या क्वाडमध्ये बास पॅनलवर ६ हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही बराच वेळ राहतात. परदेशातून आणलेला जोड ११५ व्होल्टवर सेट आहे का, हे प्लग घालायच्या आधी बघा, नंतर नव्हे.

जुना जोड घेताना

विकणाऱ्याच्या घरी मोबाइलवर टोन जनरेटरचे अ‍ॅप घेऊन जा. ३० पासून ३०० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा, मध्यम आवाजात, एका वेळी एकच स्पीकर. सुटलेली तार एखाद्या ठरावीक जागी मधमाशीसारखी गुणगुणते आणि पुढे गेले की थांबते. ही तपासणी तानपुऱ्यावर करू नका, जवारी आणि सुटलेली तार यांतला फरक तिथे ओळखू येत नाही. मग टॉर्च मागून धरून कापडातून आत बघा : तारा समांतर आहेत का, कुठे उचलल्या किंवा हिरव्या पडल्या आहेत का. मल्टिमीटरने दोन्ही स्पीकरचा रोध मोजा. आकडा काय येतो यापेक्षा दोन्हींचा सारखा येतो का, हे महत्त्वाचे.

इलेक्ट्रोस्टॅटिक असेल तर जायच्या आदल्या रात्रीपासून प्लग लावून ठेवायला सांगा. मोनो लावा आणि डावा-उजवा बॅलन्स फिरवून आवाज सारखा आहे का बघा. एक बाजू मंद असेल तर तिचा पडदा भार धरत नाही, आणि नवीन पॅनलची किंमत वजा केल्याशिवाय भाव ठरवू नका. आणताना टेम्पोत आडवे टाकू नका. उभे, कडेवर, दोन्ही पॅनलची तोंडे एकमेकांकडे, मध्ये जाड रजई आणि वरून कापडी पट्टा.